कापसाने भरलेली स्टेशन वॅगन

आमच्या गादीला मधोमध खड्डा पडला होता. झोपेत मी आणि बायको दोन्ही बाजूंनी त्यात घरंगळायचो आणि सकाळी कंबर धरून उठायचो. दोष माझा होता. "या रविवारी गादी पिंजायला टाकतो," हे मी इतक्या रविवारी म्हटलं होतं, की शेवटी बायको म्हणाली, "राहू द्या आता. त्या खड्ड्यात अळू लावू. वड्या तरी होतील."

गणपती उठल्यानंतरचा रविवार होता. मी रिक्षा बोलावली, गादीची वळकटी आत कोंबली, उरलेल्या जागेत स्वतःला कोंबलं आणि स्वारगेट ओलांडून पेठेत गेलो. मंडईपासून थोडं चाललं की एका गल्लीत गादीवाल्यांचं एक जुनं दुकान आहे. घराणं मुसलमान, पिढ्यान्‌पिढ्या पुण्यात गाद्या भरणारं. दुकानात सत्तरीचे एक गृहस्थ बसले होते. त्यांच्या दाढीत कापूस इतका अडकला होता, की दाढी कुठे संपते आणि कापूस कुठे सुरू होतो ते कळत नव्हतं. सगळी गल्ली त्यांना चाचा म्हणायची, म्हणून मीही म्हणू लागलो.

त्यांनी गादीवर हात दाबला. "ही गादी आहे का पापड?"

"जुनी झालीय जरा."

"कधीची?"

"लग्नातली."

"आणि लग्न टिकलं?" चाचांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "कमाल आहे. जा, मागच्या अंगणात नेऊन टाका."

मी वळकटी खांद्यावर घेऊन मागे गेलो आणि तिथेच उभा राहिलो.

अंगणात, पत्र्याच्या छपराखाली, विटांवर एक गाडी उभी होती. अँबॅसिडर, पण नेहमीची नव्हे. मागे डिकीच्या जागी छप्पर सरळ लांबवर गेलेलं, बाजूला लांबलचक काचा आणि पाठीमागे वर उचलायचा दरवाजा. स्टेशन वॅगन. अशी गाडी मी लहानपणी रस्त्यावर एखाददुसरी पाहिली असेल. रंग कधीकाळी फिक्कट हिरवा असावा. बंपरवर वाळत घातलेली फडकी, बॉनेटवर एक ढिम्म मांजर. आणि आत, सगळ्या काचांना आतून टेकलेला, छतापर्यंत भरलेला पांढराशुभ्र कापूस. गाडीने ढग गिळून दारं लावून घेतली आहेत असं दिसत होतं.

"ही..." मी म्हणालो.

"गाडी आहे," मागून चाचा म्हणाले. "चाकं आहेत बघा तिला."

मग त्यांनी आपणहून सांगितलं. त्यांच्या वडिलांनी ती घेतली होती. तेव्हा मुलीच्या लग्नात गाद्या, उशा, लोड द्यायची पद्धत घरोघर होती आणि हातगाडीवरून लग्नाची गादी नेणं वडिलांना पटत नसे. धूळ बसते म्हणायचे. या वॅगनमध्ये मागची सीट पाडली की अख्खी गादी न दुमडता आडवी जायची. निम्म्या पेठांमधल्या मुलींच्या गाद्या तिने पोचवल्या. पुढे टेम्पो आले, स्पंजच्या गाद्या आल्या, गाडी बंद पडली. एका पावसाळ्यात दुकान गळायला लागलं, तेव्हा कापूस कोरडा राहावा म्हणून तिच्यात भरला. तो तिथेच राहिला.

मला ती गाडी हवी झाली. याचं कारण मी प्रामाणिकपणे शोधून पाहिलं आहे. गाड्यांतलं मला काही कळत नाही. मी सरकारी कचेरीत फायली पुढे सरकवणारा माणूस. चारचाकीचं लायसन्स होतं, पण ते एका मित्राला सोबत म्हणून काढलेलं. मात्र माझा सगळा संसार स्कूटरवर झाला. मुलगी पुढे उभी, बायको मागे, पिशव्या पायांत, आणि आई प्रत्येक वेळी म्हणायची, "तुम्ही जा, मला काही खडकवासला नवीन नाही." आई गेली, मुलगी मोठी होऊन नोकरीला लागली, आणि आता, जेव्हा कुणालाच कुठे न्यायचं नव्हतं, तेव्हा मला सगळ्यांना मावतील अशी गाडी दिसली होती. त्या मागच्या दरवाज्याखाली पाय सोडून बसलेली माणसं मला दिसायला लागली. कापसातून.

साध्या माणसाने विचारलं असतं, "चाचा, विकता का?" मला ते जमलं नाही. आमच्या घरात 'मला हवंय' हे वाक्य कुणी कधी उच्चारलंच नाही. भूक लागली तर आम्ही विचारायचो, "बाकीच्यांची जेवणं व्हायचीत का?" बहिणीला साडी आवडली तर ती दुकानदाराला सांगायची, "हा रंग कुणालाही शोभेल, नाही?" हवी ती वस्तू सोडून तिच्या भोवती फिरत राहायचं आणि समोरच्याने आपणहून पुढे करायची वाट पाहायची, यालाच आम्ही संस्कार समजत होतो. शिवाय एका म्हाताऱ्या माणसाच्या वडिलांची गाडी. आल्या आल्या तिच्यावर डोळा ठेवला असं त्यांना वाटलं तर?

म्हणून मी गाडीभोवती फिरायला लागलो.

पुढच्या रविवारी गेलो तर चाचा म्हणाले, "झाली गादी. घेऊन जा."

गादी नेली की अंगणात यायचं कारण संपलं. "दोन उशाही हव्या होत्या," मी म्हणालो. "सगळं एकदमच नेतो."

उशांचं माप द्यायला अंगणात गेलो आणि गाडीपाशी रेंगाळलो. "काच अजून छान आहे," मी म्हणालो. चाचा म्हणाले, "काच आहे. तिला काय होतंय." त्यानंतरच्या रविवारी मी उशांबरोबर दोन लोड सांगितले आणि म्हणालो, "अशी वस्तू आता मिळायची नाही." चाचा म्हणाले, "लोड? हवे तितके मिळतात." मग तक्के झाले. मग पाहुण्यांसाठी म्हणून आणखी दोन गाद्या. आमच्याकडे मुक्कामाला पाहुणा येत नाही, जागा नाही. पैसे मी वेळच्या वेळी देत होतो आणि तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. दर खेपेला मी गाडीभोवती एक चक्कर मारायचो, मांजराच्या डोक्यावरून हात फिरवायचो, चाकाखालची वीट बुटाने चाचपायचो आणि असं एखादं वाक्य बोलायचो, की ज्यावर कुठल्याही समजूतदार माणसाने म्हणावं, "अहो, मग घेऊनच जा ना!" चाचा समजूतदार होते, पण ते हे म्हणत नव्हते.

घरी बायको सतरंजीवर झोपत होती.

"काय करतोय काय तो गादीवाला?" तिने विचारलं.

"कापूस दमट आहे म्हणतो."

"आणि तुम्ही दर रविवारी जाऊन तो वाळवता का?"

हे खोटं बोलताना माझी कानशिलं तापायची. रस्त्यात सापडलेली नाणी मी देवळात टाकणारा, मंडईत कढीपत्ता फुकट घ्यायलाही ओशाळणारा माणूस. पण रविवार उजाडला की माझे पाय स्कूटरकडे वळायचे.

आणि मग दिवाळीच्या आधी एका रविवारी चाचांनी सुई खाली ठेवली आणि हसून म्हणाले, "साहेब, घरात कार्य दिसतंय."

मी गाडीकडे पाठ करून त्यांच्याकडे वळलो.

"गाद्या, लोड, तक्के. आम्ही काय नवीन आहोत का धंद्यात? मुली किती तुम्हाला?"

"एकच," मी म्हणालो. हे खरं होतं.

"तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त, ना?"

मी मान हलवली. ती कुठल्या दिशेने हलली हे मला आजही सांगता येणार नाही. हो म्हटलं नाही. पण नाहीसुद्धा म्हटलं नाही. नाही म्हटलं असतं, तर इतकं सामान कशाला, हा प्रश्न आला असता; आणि त्याचं उत्तर माझ्या पाठीमागे विटांवर उभं होतं.

चाचांचा चेहरा उजळला. "मग आता तुम्ही यायचं नाही. मुलीच्या बापाला हजार कामं असतात. पत्ता सांगून ठेवा, सगळा माल मी घरी पोचवतो. आणि लग्नाची जोडगादी सांगितली नाहीत, ती माझ्या पसंतीने भरतो. कापड लाल साटीनचं. चालेल?"

"चालेल," मी म्हणालो. यानंतर काय चालणार नव्हतं?

घरी येताना ठरवलं, उद्याच जाऊन खरं सांगायचं. दुसऱ्या दिवशी ठरवलं, दिवाळीत मिठाई घेऊन जाऊ आणि तेव्हा सांगू. दिवाळीत वाटलं, सणासुदीला माणसाला कशाला दुखवा. दुकानावरून स्कूटर नेली तीसुद्धा शिरस्त्राण घालून, जे मी एरवी कधी घातलं नाही.

तुळशीचं लग्न झालं. त्यानंतरच्या रविवारी मी पोहे खात होतो, मुलीने नुकतं न्हाऊन डोक्याला टॉवेल गुंडाळला होता, आणि खालून असा आवाज आला, जणू कुणी लोखंडी पिंपात दगड घालून ते घरंगळवतंय. मग तो आवाज आमच्याच सोसायटीच्या फाटकातून आत आला आणि एक मोठा उसासा टाकून थांबला.

मी गॅलरीत गेलो. खाली स्टेशन वॅगन उभी होती. धुतलेली, फिक्कट हिरवी, बॉनेटवर झेंडूची माळ. आपल्या चार चाकांवर. मागच्या काचांतून कापूस नव्हे, लाल साटीन चमकत होतं. चाचा इस्त्रीचा पांढरा कुर्ता घालून उतरत होते. दुसऱ्या दारातून त्यांच्या पत्नी उतरल्या, हातात मिठाईचा खोका. वरच्या तीन मजल्यांवरच्या गॅलऱ्या भरल्या होत्या. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, "पार्किंग फक्त सभासदांसाठी आहे," पण ते कुणी ऐकलं नाही.

मी पोह्यांची ताटली हातात घेऊनच आत आलो.

दार बायकोने उघडलं. चाचींनी खोका तिच्या हातात दिला आणि तिचे दोन्ही हात धरले. "मुबारक! नवरी कुठंय?"

बायकोने चाचींकडे पाहिलं, चाचांकडे पाहिलं, मग सावकाश माझ्याकडे पाहिलं. "आमच्याकडे लग्न आहे का? बरं झालं सांगितलंत. साडीला इस्त्री करायला हवी."

"कुणाचं लग्न?" टॉवेल सावरत मुलगी बाहेर आली.

"तुझं," बायको म्हणाली. "डिटेल्स बाबांकडे आहेत."

"बाबा, सीरियसली?"

चौघं माझ्याकडे पाहत होती. मी ताटली खाली ठेवली आणि एका दमात सगळं सांगितलं. लग्न नाही. कधी ठरलंच नव्हतं. कापूस दमट नव्हता. पाहुणेही येणार नाहीत. मला ती गाडी हवी होती आणि ती मागायचा धीर झाला नाही, म्हणून मी उशा मागितल्या.

सगळ्यांत आधी मुलगी हसली. ती हसत हसत सोफ्यावर बसली आणि तिचा टॉवेल सुटला. मग चाची. त्यांनी नवऱ्याच्या दंडाला हात लावला. "अजी सुनते हो? इनको तो गाडी होना थी!" आणि बायकोकडे वळून मराठीत म्हणाल्या, "अहो, ते धूड कुणीतरी न्या म्हणून मी वर्षानुवर्षं यांच्या मागे लागलेय. कपडे वाळत घालायला जागा नाही अंगणात. भंगारवाला बोलावला, तर तो म्हणाला, आधी कापूस काढा!"

चाचा मात्र हसले नव्हते. ते दारातच उभे होते. "साहेब," ते म्हणाले, "आमच्या घरची एक पद्धत आहे. लग्नाच्या गादीला पहिला टाका घरातली बाई घालते. मुलीचं नाव मनात घेऊन, दुआ मागून. मग मी पुढचे घालतो. हिला तुमच्या मुलीचं नाव माहीत नव्हतं. तरी घातला."

मला वाटलं, त्या लाल गादीखाली मला घालून वरून टाके मारावेत. मी म्हणालो, "चाचा, चुकलं माझं." आणखी काय म्हणणार?

मुलगीच पुढे झाली. तिने चाचींना स्वतःचं नाव सांगितलं. "आता माहीत झालं ना? मग टाका वाया नाही गेला. गादी राहू दे इथेच. कधीतरी करीनच मी लग्न."

"कापूस बसतो," चाचा म्हणाले. "पाच-सहा वर्षांत पुन्हा पिंजावा लागतो."

"तेवढ्यात करते."

"ऐकलंत?" बायको मला म्हणाली. "मी इतकी वर्षं विचारतेय, तेव्हा 'बघू' म्हणते. गादीला बरी मुदत दिली."

तेव्हा चाचा हसले. आत येऊन बसले, पोहे घेतले, लिंबू मागून घेतलं. आणि मी, सगळी लाज एकदाची जाऊन झालीच होती म्हणून, आयुष्यात पहिल्यांदा सरळ वाक्य बोललो. "चाचा, मला ती गाडी हवी आहे. विकाल का?"

"नाही," चाचा म्हणाले.

"नाही?"

"पहिल्याच रविवारी विचारलं असतंत, तर वर एक गादी फुकट दिली असती. टेम्पोचं भाडंही मी भरलं असतं. आता नाही." त्यांनी पोह्यांतला दाणा निवडून खाल्ला. "तुम्ही दर रविवारी यायचात आणि तिच्याकडे बघत उभे राहायचात. मला वाटलं, मुलीची गादी या गाडीतून यावी असं यांच्या मनात आहे; माणूस भिडस्त, बोलत नाही. म्हणून सगळा कापूस बाहेर काढला. मेकॅनिक आणला. त्याने ती आठवडाभर खोलून ठेवली. बॅटरी नवी, टायर नवे. आणि आज सकाळी हिला शेजारी बसवून निघालो. मंडईपाशी एक फुलवाला ओरडला, 'चाचा, वडिलांची गाडी काढली!' माळ त्यानेच घातली. पैसे घेतले नाहीत. आता कशी विकू? तुम्हीच सांगा."

मी आशेने चाचींकडे पाहिलं. धूड न्या म्हणणाऱ्या त्याच होत्या.

"माझ्याकडे बघू नका," चाची म्हणाल्या. "लग्न झाल्यापासून गल्ली ते दवाखाना, दवाखाना ते गल्ली. आज पहिल्यांदा काचेतून पुणं बघितलं. कपडे वाळतील कुठेतरी."

बायकोने माझ्या ताटलीत आणखी पोहे वाढले. न मागता. ही तिची सांत्वनाची पद्धत आहे. मग म्हणाली, "म्हणजे एवढं सगळं करून आपल्याला मिळाल्या उशा."

मला वाईट वाटलं, हे मी लपवत नाही. पण त्या वाईट वाटण्यात एक मजा होती. खूप दिवसांनी मला एखाद्या गोष्टीचं नुसतं वाईट वाटत होतं, अपराधी वाटत नव्हतं. मागितलं होतं, मिळालं नव्हतं. हिशेब इतका स्वच्छ असू शकतो हे मला ठाऊक नव्हतं.

गाद्या वर न्यायला अर्धी सोसायटी आली. लाल गादी जिन्यातून फिरेना, तेव्हा पार्किंगवर हरकत घेणारे सेक्रेटरीच "जरा तिरकी घ्या, तिरकी!" म्हणत पुढे झाले. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी चाचींच्या खोक्यातला पेढा घेतला आणि मुलीच्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली. त्यांना खरं सांगायला मुलीने मला बजावलं. "तुम्हीच सांगा, बाबा. प्रॅक्टिस होईल." मी सांगितलं. आजी म्हणाल्या, "लग्न नाही? मग पेढा का दिलात?" आणि तो खाऊन टाकला.

सगळं वर पोचलं तेव्हा चाचांनी कपाळ पुसलं. "लोड आणि तक्के राहिलेत दुकानात. एका खेपेत मावेनात. तुम्ही सांगितलेच होते तेवढे."

"अजून आहे?" बायको म्हणाली. तिने पायांत चपला सरकवल्या. "थांबा. हे काय काय आहे ते मला डोळ्यांनी बघायचंय."

मुलगी ओल्या केसांनीच निघाली. खाली मागची सीट पुन्हा उभी केली आणि चाची, बायको आणि मुलगी मागे बसल्या. बसताक्षणी चाची बायकोला पेठेतल्या बोहारणीचे भाव सांगू लागल्या. पुढची सीट अखंड, बाकासारखी. चाचांनी शेजारची जागा फडक्याने झटकली. "बसा, साहेब."

आत कापसाचा आणि पेट्रोलचा मिळून एक वास होता. छताच्या कापडाला अजून पांढरे पुंजके चिकटलेले. गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच होता. चाचांनी तो ओढला, गाडीने दोन आचके दिले आणि आम्ही फाटकाबाहेर पडलो.

स्वारगेटपर्यंत ती छान चालली. तिथे मात्र डेपोतून निघालेली एक बस आमच्यासमोर आडवी आली आणि मागून रिक्षांनी कोंडी केली. चाचांनी हॉर्न दाबला. काहीच झालं नाही. त्यांनी पुन्हा दाबला.

"हॉर्न?" मी विचारलं.

"त्याला वायर नाही. मेकॅनिक म्हणाला, मंगळवारी." त्यांनी माझ्या बाजूच्या काचेकडे हनुवटी केली. "काच खाली करा आणि ओरडा."

"काय ओरडू?"

"बाजू म्हणा. आणि काय?"

मी काच खाली केली, डोकं बाहेर काढलं आणि म्हणालो, "बाजू."

एका सायकलवाल्याने माझ्याकडे दयेने पाहिलं.

"मोठ्याने!" मागून बायको म्हणाली.

मी छाती भरून श्वास घेतला आणि भर चौकात ओरडलो, "बाजू! ए, बाजू!" बसचा ड्रायव्हर वाकून खाली बघायला लागला, मुलगी मागून टाळ्या वाजवायला लागली, आणि चाचांनी ती लांबलचक हिरवी गाडी मिळालेल्या फटीतून हळूच पुढे काढली.